मान वर करून दिवसभर

सकाळी ७

जानेवारीत आमच्या गोदामाचं शटर नेहमीपेक्षा तासभर आधी वर जातं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकानं वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. डिसेंबरभर ज्यांनी आमचा फोन उचलला नाही, त्यांचेच फोन एक तारखेपासून सुरू होतात आणि त्यांच्या आवाजात एकदम जिव्हाळा येतो.

मी पुण्यात फायर अलार्मचं काम करतो. असं सांगितलं की लोकांना लाल सिलिंडर आठवतात, नाहीतर पाण्याचे पाइप. आम्ही आग विझवत नाही. आग लागली तर इमारतीला वेळेत सांगायचं आणि नाही लागली तेव्हा गप्प बसायचं, एवढंच आमच्या यंत्रणेचं काम. यातलं गप्प बसणं जास्त अवघड. धंद्यात नवीन असताना हे कुणालाच पटत नाही.

टेम्पोत माल चढतो: आर्मर्ड केबलचं ड्रम, डिटेक्टरांचे खोके, बेस, ग्लँड, गिट्ट्या, होलसॉ, मेगर, घोडा (घडीची शिडी) आणि चाचणीचा लांब दांडा. हेल्पर लातूरकडचा, आयटीआय करून नुकताच लागलेला. तो दांडा खिडकीतून बाहेर काढून बसतो आणि कात्रज-बाणेर प्रवासात मोटारसायकलवाल्यांच्या शिव्या खातो.

आजचे तीन मुक्काम: बाणेरला एका ऑफिसचा नवा मजला, दुपारनंतर एक हॉस्पिटल, रात्री दुसऱ्या एका ऑफिसची सर्व्हर रूम.

सकाळी पावणेनऊ

साइटवर पोहोचल्यावर मी पहिली पंधरा मिनिटं काहीच करत नाही, नुसता मान वर करून फिरतो. हेल्परला वाटतं दादा टाइमपास करतायत.

नकाशावर डिटेक्टर म्हणजे एक छोटंसं वर्तुळ. आपल्याकडं आयएस २१८९ हे भारतीय मानक पाळतात. त्याचं मूळ गणित सोपं आहे. खोलीतल्या कुठल्याही बिंदूपासून धुराचा डिटेक्टर साडेसात मीटरच्या आत सापडला पाहिजे, उष्णतेचा असेल तर ५.३ मीटरच्या आत. साडेसात मीटर त्रिज्येची वर्तुळं एकमेकांना नुसती टेकवली तर मध्ये खाचा उरतात. म्हणून ती एकमेकांवर चढवावी लागतात, आणि चौकोनी मांडणीत दोन डिटेक्टरांतलं अंतर पंधरा मीटर न राहता साडेदहाच्या आसपास येतं. कॉलेजातून आलेली पोरं हमखास पंधरा धरून नकाशा काढतात.

पण नकाशा सपाट असतो, छत नसतं. गरम धूर सरळ वर जातो, छताला आपटतो आणि तिथून चारी बाजूंना पातळ थरानं पसरतो. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा फारशी हलत नाही, धूर तिथं उशिरा पोहोचतो. म्हणून भिंतीपासून अर्धा मीटर सोडायचा. खोल बीम आडवा आला की धूर त्याच्या अलीकडंच साठतो. काचेची केबिन छतापर्यंत भिडली असेल तर ती वेगळी खोली, तिला स्वतःचा डिटेक्टर. फॉल्स सिलिंग आणि स्लॅब यांच्यामध्ये ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त जागा असेल तर वरच्या पोकळीतही डिटेक्टर लागतो, कारण केबल, एसीच्या डक्ट, सगळं जळण्यासारखं तिथंच असतं. इथं पोकळी जवळजवळ मीटरभराची आहे. वरच्या प्रत्येक डिटेक्टरसाठी खाली एक छोटा लाल दिवा द्यायचा, आरआय म्हणतात त्याला. नाहीतर बेल वाजल्यावर छताची कुठली फरशी उचलायची ते कुणाला कळणार?

आजचा खरा वाद मात्र एसीच्या हवेचा. इंटिरिअरच्या मॅडमनी सगळे डिटेक्टर दिव्यांच्या ओळीत आणले होते. दिसायला सुरेख, पण त्यातले काही एसीच्या जाळीला अगदी खेटून. जाळीतून हवेचा झोत निघतो आणि धूर डिटेक्टरपर्यंत येण्याआधीच बाजूला ढकलला जातो. शिवाय डक्टमधली धूळ सतत आत जाऊन खोट्या बेलचीही सोय होते. मध्ये किमान मीटरभर तरी अंतर हवं.

“सिमेट्री बिघडेल हो. फोटोत दिसतं ते,” मॅडम म्हणाल्या.

एसीवाल्यांनी नेमका ट्रायलसाठी ब्लोअर चालू ठेवला होता. मी हेल्परला घोड्यावर चढवलं आणि हातात पेटती उदबत्ती दिली. जाळीपासून वीतभर अंतरावर धुराची रेघ एकदम आडवी होऊन छताखालून पळाली. ज्या ठिकाणी डिटेक्टरची खूण होती, तिथं धुराचा मागमूस नाही. दीड मीटर लांब नेल्यावर तीच रेघ संथपणे वर चढली आणि छताला लागून पसरली. मॅडमनी दोनदा करून बघायला लावलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे, पण मग दिवेही सरकवूया. ओळ तीच राहू दे.” आम्हाला चाललं. दिव्यांना हवेशी काही देणंघेणं नसतं.

सकाळी ११

केबल ओढण्यात बघण्यासारखं काही नसतं, पण निम्मा दिवस ते खातं. पॅनेलमधून निघालेली दोन तारांची केबल, दीड स्क्वेअर एमएमची, एकेका डिटेक्टरला शिवत अख्खा मजला फिरते आणि परत पॅनेललाच येऊन मिळते. याला लूप म्हणतात. त्याच दोन तारांवरून डिटेक्टरला डीसी पुरवठा जातो आणि त्याच तारांवरून पॅनेल प्रत्येकाला नंबरानं विचारत राहतं: काय दिसतंय? तुला काय दिसतंय? केबल एका ठिकाणी तुटली तर पॅनेल दुसऱ्या बाजूनं पोहोचतं, म्हणून जाणारी आणि येणारी केबल एकाच ट्रेमधून नेण्यात अर्थ नाही. ट्रेच जळाला तर दोन्ही बाजू एकदम जातील. शॉर्टसर्किट झालं तर अख्खा लूप बसू नये म्हणून अधेमधे आयसोलेटर लावतात. दोन आयसोलेटरांमध्ये वीसपेक्षा जास्त नग नकोत.

प्रत्येक डिटेक्टरला त्याचा नंबर द्यावा लागतो. आज आमच्याकडं आहेत त्यांच्या पाठीवर फिरवायच्या चकत्या आहेत, एक दशकाची आणि एक एककाची. स्क्रू-ड्रायव्हरनं ४ आणि ७ वर आणलं की झाला सत्तेचाळीस. लगेच मार्करनं बेसवर तोच नंबर लिहायचा, टेपवर लिहायचा आणि नकाशावरही. हेल्पर पहिल्यांदा हे करत होता. त्याला मी सांगितलं, घाई केलीस तर दोन सत्तेचाळीस होतील, पॅनेल ओरडेल, आणि मग दोघं मिळून संध्याकाळपर्यंत दुसरा सत्तेचाळीस शोधत बसू.

जुन्या पद्धतीच्या पॅनेलला हे नंबर नसतात. तिथं वीसेक डिटेक्टरांचा एक झोन, शेवटच्या डिटेक्टरला एक रेझिस्टर, आणि पॅनेल फार तर एवढंच सांगतं की तिसऱ्या झोनमध्ये काहीतरी आहे. लहान दुकानाला, दोन खोल्यांच्या ऑफिसला तेवढं पुरतं आणि पैसेही वाचतात. दहा मजली इमारतीत मात्र तिसरा झोन म्हणजे वीसेक खोल्या असू शकतात.

बेस लावून झाले की मेगर. पाचशे व्होल्ट टाकून केबलचं इन्सुलेशन तपासायचं, ग्लँडिंग करताना कुठं आर्मरची तार कोरमध्ये घुसली आहे का ते बघायचं. हे डिटेक्टरची डोकी बसवण्याआधीच. डोक्यांसकट मेगर फिरवला तर लूपवरचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स एका झटक्यात जातं.

डोकी बसवली तरी त्यांच्यावरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायच्या नाहीत. पीओपीवाले अजून घासतायत. तो पांढरा भुकटा एकदा चेंबरमध्ये गेला की डिटेक्टर जन्मभर खोकत राहतो. उलटही घडतं. हँडओव्हर होऊन वर्ष झालेल्या इमारतींत मी टोप्यांसकट लटकलेले डिटेक्टर पाहिले आहेत. वरून चकचकीत, खालून ठार बहिरे. म्हणून आम्ही टोप्या मोजून काढतो आणि मोजून पोत्यात भरतो. जेवढे डिटेक्टर तेवढ्या टोप्या भरल्या की मगच पोत्याचं तोंड बांधायचं.

दुपारी दीड

डबा खाताना हेल्परनं विचारलं, “दादा, याला वास कसा येतो?”

वास येत नाही, हे तिथंच दाखवलं. बॅगेत एक जुना, काढून आणलेला धुराचा डिटेक्टर होता. वरचं झाकण फिरवून काढलं की आत डासांच्या जाळीसारखी बारीक जाळी, आणि तिच्या आत काळ्या कुळकुळीत प्लास्टिकची वाटी. वाटीच्या कडेनं वाकड्यातिकड्या पट्ट्या उभ्या असतात. हवा त्यांच्यामधून वळसे घेत आत जाऊ शकते, बाहेरचा उजेड जाऊ शकत नाही. वाटीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड. दोघं समोरासमोर नसतात, कोनात बसवलेले असतात. त्यामुळे एलईडी लुकलुकला तरी फोटोडायोडला त्याचा प्रकाश थेट दिसत नाही. काळी वाटी उरलेला प्रकाश गिळून टाकते.

हेल्परच्या गावी कौलारू घर आहे. फुटक्या कौलातून दुपारी कवडसा येतो, त्यात धूळ नाचताना दिसते. धूळ नसती तर कवडशाची ती तिरपी पट्टी दिसलीच नसती, जमिनीवर नुसता ठिपका दिसला असता. इथंही तसंच. धुराचे कण आत शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि थोडासा फोटोडायोडच्या डोळ्यात जातो. तो ठरावीक मर्यादेपलीकडं गेला की पॅनेल त्याला आग समजतं.

“म्हणजे त्याला धूर कळतच नाही?”

नाहीच कळत. त्याला हवेतले कण कळतात. गिझरची वाफ, पीओपीची भुकटी, डासांची धुरळणी, मारलेला बॉडी स्प्रे, जाळीतून आत शिरून फोटोडायोडसमोर बसलेला कोळी, हे सगळं त्याच्या लेखी धूरच. खोटी बेल वाजते तेव्हा डिटेक्टर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलेलं असतं. चूक जागेची असते, नाहीतर निवडीची.

आणखी एक जुना प्रकार आहे, आयोनायझेशनचा. त्यात अमेरिशिअम-२४१ चा कण असतो. त्याच्या अल्फा किरणांनी दोन पट्ट्यांमधली हवा वीज वाहून नेऊ लागते आणि धुराचे कण शिरले की तो प्रवाह घटतो. भडकलेल्या आगीच्या बारीक, न दिसणाऱ्या कणांना तो चटकन ओळखतो. पण अमेरिशिअमचं अर्धायुष्य ४३२ वर्षांचं आहे. इमारत पडून जाईल, हा तसाच राहील. असा डिटेक्टर भंगारवाल्याला विकायचा नसतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळून परत करावा लागतो. नव्या कामात तो आता फारसा कुणी लावत नाही. आम्हालाही त्याची आठवण येत नाही.

उष्णतेच्या डिटेक्टरात बहुधा एक थर्मिस्टर असतो, तापमानानुसार रोध बदलणारा मण्याएवढा भाग. साध्या प्रकारात ५७-५८ अंश झाले की बेल. दुसऱ्या प्रकारात तापमान किती झालं यापेक्षा किती वेगानं चढलं ते बघतात, मिनिटाला आठेक अंशांनी चढू लागलं की बेल. फोडणीचा धूर, वाफ, जनरेटरचा धूर यांनी तो विचलित होत नाही, म्हणून स्वयंपाकघर आणि डीजी रूममध्ये तोच लावायचा. मात्र विदर्भात पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात छताखालचं तापमान कुठं जातं याचा विचार न करता ५७ अंशांचा लावला, तर शेडमधली बेल उन्हानं वाजते. तिथं वरच्या मर्यादेचा घ्यावा लागतो.

“मग सगळीकडं हीटच लावू ना दादा. खोटी बेलच नाही.”

प्रश्न बरोबर होता. पण गादी किंवा केबल तासन् तास धुमसते तेव्हा छताखालचं तापमान दोन-चार अंशांनी सुद्धा हलत नाही आणि खोली मात्र धुरानं भरते. झोपलेला माणूस ज्वाळेच्या आधी धुरानं जातो. हीट डिटेक्टर बोलेपर्यंत आग मोठी झालेली असते. जिथं माणसं झोपतात तिथं धुराचाच हवा, आणि तो खोटं बोलणार नाही अशा जागी हवा. हेल्पर पुढं काही बोलला नाही. डब्यातली शेंगदाण्याची चटणी मात्र त्यानं संपवली.

दुपारी ३

हॉस्पिटल. इथं नवीन काम नाही, वार्षिक देखभालीचा करार आहे आणि फॉर्म बीसाठी पूर्ण चाचणी करायची आहे. सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगावं लागतं: नर्सिंग इन्चार्ज, सिक्युरिटी, टेलिफोन ऑपरेटर, लिफ्टमन. लिफ्ट, एसी आणि हूटर यांना जाणारे सिग्नल पॅनेलवरून तात्पुरते बंद करायचे. आमचा एक माणूस पॅनेलसमोर फोन कानाला लावून बसतो, कारण चाचणी चालू असताना खरी आग लागली तर ती चाचणीत खपून जाऊ नये.

दांड्याच्या टोकाला पारदर्शक पेला, पेल्यात चाचणीच्या स्प्रेचा डबा. पेला डिटेक्टरला टेकवून हलकं दाबायचं, एक फुसकारा सोडायचा, थांबायचं. डिटेक्टरवरचा लुकलुकणारा दिवा लाल होऊन स्थिर होतो. पैसे वाचवायला काही जण उदबत्तीनं किंवा विडीनं चाचणी करतात. उदबत्तीच्या धुरात तेल असतं. ते वाटीत चिकटतं, त्यावर धूळ बसते आणि तपासणीच खोट्या बेलची पेरणी करून जाते. उदबत्ती हवा कुठं जाते हे बघायला ठीक, डिटेक्टरच्या तोंडात घालायला नाही.

दिवा लागला म्हणजे चाचणी झाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. पॅनेलवरचा आमचा माणूस काय वाचतो ते महत्त्वाचं.

“दादा, तिसरा मजला, लिनन रूम.”

मी उभा होतो चौथ्या मजल्यावर, एक्स-रेच्या दारासमोर. कधीतरी खोल्यांची अदलाबदल झाली, पाट्या बदलल्या, पॅनेलमधली नावं बदलायची राहिली. खरी बेल वाजली असती तर सिक्युरिटीचे काका तिसऱ्या मजल्यावर पळाले असते, चादरींचे गठ्ठे शाबूत बघून खाली आले असते आणि बेल बंद केली असती. अशी चुकलेली नावं आज बरीच सापडली. ती दुरुस्त करायला लॅपटॉपवर दहा मिनिटं लागतात.

दुसऱ्या मजल्यावर पॅन्ट्रीसमोरच्या डिटेक्टरवर सर्जिकल ग्लोव्ह चढवलेला होता, वरून रबरबँड. बोटं खाली लोंबत होती. मी सिस्टरांकडं बघितलं.

“आम्हीच घातलाय,” त्या सरळ म्हणाल्या. “रात्री तीनला पेशंटचं दूध तापवलं की बोंबलतं. वॉर्डातले सगळे उठून बसतात. ज्यांचं टाके घातलेलं पोट आहे ते पण. दोनदा कंप्लेंट केली, कोणी आलं नाही.”

यावर त्यांना काय ऐकवणार? तो डिटेक्टर पॅन्ट्रीच्या दारापासून जेमतेम दीड मीटरवर होता. दार उघडलं की वाफेचा लोट थेट त्याच्या खाली. उपाय होता: पॅन्ट्रीत हीट डिटेक्टर आणि पॅसेजमधला चार मीटर पुढं. केबलचा एक तुकडा, दोन बेस, अर्ध्या तासाचं काम. इंजिनिअरिंगच्या साहेबांना फोन लावला. “पुढच्या महिन्यात बघू” म्हणाले. मी त्यांना ग्लोव्हचा फोटो पाठवला आणि प्रमाणपत्रावर हा डिटेक्टर निकामी म्हणून लिहावा लागेल असं कळवलं. पाच मिनिटांत परवानगी आली. ग्लोव्ह सिस्टरांनी स्वतःच काढला.

खाली पॅनेलजवळ गेलो तर वेगळीच गंमत. डिसेबल केलेल्या डिटेक्टरांची यादी स्क्रीनवर मावत नव्हती. कुणीतरी एकेक त्रास देणारा नग बंद करत गेलं होतं, परत कुणीच चालू केला नव्हता. पॅनेलच्या बझरच्या भोकावर चिकटपट्टीचे तीन थर. सिक्युरिटीच्या काकांना एकच बटण माहीत होतं: सायलेन्स. “साहेब, वाजलं की हे दाबायचं, असं आधीच्या गार्डनं शिकवलं.” त्यांच्याबरोबर बसून मी क्रम लिहून दिला. आधी स्क्रीनवर मजला आणि खोली वाचायची, मग त्या मजल्याच्या सिस्टरांना फोन, मग माणूस पाठवायचा, आणि सगळ्यात शेवटी सायलेन्स. काकांनी तो कागद पट्टीनंच पॅनेलशेजारी चिकटवला. बझरवरची पट्टी काढून तीच वापरली.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, नवजात बाळांच्या विशेष कक्षात, मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आम्हाला श्वास घ्यायला वेळ नव्हता. तेव्हा ज्या हॉस्पिटलांनी घाईघाईनं डिटेक्टर लावून घेतले, त्यातल्या काहींत आता आम्ही असे ग्लोव्ह काढत फिरतो. डिटेक्टर विकत घेणं ही एकदाची गोष्ट आहे. तो रात्री तीनला दुधासाठी न वाजता धुरासाठी वाजावा, याची काळजी दर महिन्याला घ्यावी लागते, आणि त्या कामाला टेंडरमध्ये रकानाच नसतो.

आयसीयूत आम्ही सगळ्यात शेवटी गेलो, बूट बदलून. तिथं मोठा हूटर नसतो. नर्सच्या टेबलापाशी दिवा आणि हलका आवाज. व्हेंटिलेटरवरचा माणूस बेल ऐकून जिना उतरणार नाही, त्याला त्याच मजल्यावरच्या शेजारच्या, आगीपासून वेगळ्या केलेल्या भागात न्यायचं असतं. म्हणून आवाज रुग्णांसाठी नाही, कर्मचाऱ्यांसाठी. ऑफिसात मात्र हूटर ६५ डेसिबलच्या वर, किंवा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा पाच डेसिबल जास्त असावा लागतो, आणि जिथं माणसं झोपतात तिथं उशीपाशी ७५. बंद दारामागं हे मोजायला गेलं की भले भले हूटर नापास होतात.

संध्याकाळी साडेसहा

निघण्याआधी बॅटरी. पॅनेलच्या पोटात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. वीज गेली तर यंत्रणा दिवसभर जागी राहावी आणि त्यानंतरही हूटर अर्धा तास वाजवता यावा, अशा हिशेबानं त्या निवडतात. मेन्स बंद केला आणि मीटर लावून बसलो. व्होल्टेज वीस मिनिटांत ढेपाळलं. बॅटरीवर मार्करनं लिहिलेली तारीख पाहिली, तेव्हाच अंदाज आला होता.

पॅनेलचा पुरवठा कुठून घेतलाय तेही बघतो. स्वतंत्र एमसीबी हवी. इथं ती आहे. पण साध्या थ्री-पिन सॉकेटवर लावलेली पॅनेलं मी भरपूर बघितली आहेत. रात्री कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला पिन काढतो, पॅनेल गुपचूप बॅटरीवर जातं आणि सकाळपर्यंत मरतं.

रात्री ९

ऑफिसात माणसं असताना काही चाचण्या करता येत नाहीत. म्हणून सर्व्हर रूम रात्री.

सर्व्हर रूमची हवा एसीनं सतत घुसळलेली असते. एखादं पॉवर सप्लाय करपलं तर त्याचा चिमूटभर धूर छतावरच्या साध्या डिटेक्टरपर्यंत पोहोचेस्तोवर विरघळून जातो. म्हणून इथं पाइप आहेत. रॅकच्या वरून जाणाऱ्या पाइपांना ठरावीक अंतरावर बारीक भोकं, आणि एका टोकाला पंखा असलेलं यंत्र, जे खोलीतली हवा सतत ओढून तपासत राहतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या एका ब्रँडच्या नावानं सगळे त्याला व्हेस्डा म्हणतात, मग यंत्र कुणाचंही असो. आम्ही सगळ्यात लांबच्या भोकापाशी धूर सोडला आणि घड्याळ लावलं. पाइप कुठं चेपला असेल किंवा भोक बुजलं असेल तर वेळ वाढतो. आज ठीक निघालं.

इथं आग विझवायचा गॅसही जोडलेला आहे. तो सुटला तर सिलिंडर पुन्हा भरायचं बिल येतं आणि आत माणूस असला तर गोष्ट बिलावर थांबत नाही. म्हणून एका डिटेक्टरच्या शब्दावर गॅस सुटत नाही. दोन वेगवेगळ्या झोनमधले डिटेक्टर लागतात. पहिला बोलला की फक्त बेल. दुसऱ्यानं दुजोरा दिला की मोठा हूटर, दारावर पाटी पेटते, आणि तीस सेकंदांची उलटी गिनती. चाचणीआधी मी सिलिंडरवरचा गॅस सोडणारा ॲक्च्युएटर स्वतः काढतो, त्या वायरला दिवा जोडतो आणि हेल्परला हात लावून बघायला लावतो की तो खरंच सुटा आहे. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. पहिला झोन, बेल. दुसरा झोन, गिनती. तीस सेकंदांनी आमचा दिवा पेटला.

मग उरलेलं: आग समजली की इमारतीनं काय काय करायचं. एसीचे ब्लोअर थांबले पाहिजेत, धूर मजल्यामजल्यावर वाटला जाऊ नये म्हणून. थांबले. कार्ड लावून उघडणारी दारं मोकळी झाली पाहिजेत. झाली, मागच्या जिन्याचंसुद्धा. लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून उभ्या राहिल्या पाहिजेत. एक नंबरची आली. दोन नंबरची सहाव्या मजल्यावरच होती, आमच्या सिग्नलला तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

लिफ्टवाल्याला फोन केला. “आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमचा सिग्नलच येत नसेल.” मशीन रूममध्ये जाऊन मीटर लावला. आमचा कॉन्टॅक्ट बंद होत होता, त्यांच्या कार्डाला उघडणारा हवा होता की तार पुढं जोडलीच नव्हती, ते त्यांचं कपाट उघडल्याशिवाय सांगता येत नव्हतं आणि किल्ली त्यांच्याकडं. अशा ठिकाणी दोन एजन्सींच्या मध्ये एक मीटरभर तार असते आणि ती कुणाचीच नसते.

फॅसिलिटीचे मॅनेजर जांभया देत उभे होते. “साहेब, बाकी सगळं पास आहे ना? लिफ्टचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही ओके लिहा, उद्या फॉर्म अपलोड करायचाय.”

मी शीटवर लिहिलं: लिफ्ट क्र. २, फायर सिग्नलला प्रतिसाद नाही, फेरचाचणी बाकी. त्यांनी दोनदा वाचलं, तोंड वाकडं केलं आणि सही केली. पॅनेल रिसेट केलं, वायरवरचा दिवा विझलेला आहे हे पाहिलं, मगच ॲक्च्युएटर परत जोडला. लिफ्टवाला शनिवारी दहाला येतो म्हणालाय. मी साडेनऊला जाणार, कारण आमच्या बाजूची तार तो यायच्या आत मोजून कागदावर घ्यायची आहे.